जुन्या पिकअपची वायरिंग: पार्ट बदलण्याआधी व्होल्ट कुठे गळतात ते शोधा

सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) ओढत नाही म्हणून नवी बॅटरी टाकली. महिन्याभरात पुन्हा तेच, म्हणून सेल्फ भरून घेतला. तरीही सकाळी धक्का मारावाच लागतो. शेवटी निघते काय, तर इंजिन आणि चेसिसमधली अर्थिंगची पट्टी आतून कुजलेली. टाटामोबाइल २०६, टाटा २०७, महिंद्राच्या जुन्या डिझेल पिकअप अशा वर्षानुवर्षे चाललेल्या गाड्यांत इलेक्ट्रिकचे बहुतेक बिघाड पार्टमध्ये नसतात, जोडांमध्ये असतात: गंजलेला बोल्ट, सैल थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा डोळा), आतून हिरवी पडलेली वायर, नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड. पार्ट बदलत राहिले की पैसे जातात आणि जोड तसाच राहतो.

हे सगळे मेकॅनिकल डिझेल पंपाच्या, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नसलेल्या, १२ व्होल्टच्या आणि निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या गाड्यांसाठी आहे. १९८८ साली आलेली टाटामोबाइल असो की नंतरची एखादी साधी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) पिकअप, करंटच्या वाटा मोजक्याच असतात. बॅटरीतून निघालेला करंट काम करून बॉडीतून परत बॅटरीत पोचायला हवा. जायच्या वाटेवर सगळ्यांचे लक्ष असते. परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही आणि बिघाड नेमका तिथे लपून बसतो.

हाताशी काय हवे

साधा डिजिटल मल्टिमीटर, ज्यात २० व्होल्ट डीसी आणि १० अँपिअरची सोय आहे. एक टेस्ट लॅम्प, तोही २१ वॅटच्या बल्बचा, हाताने बनवलेला: होल्डर, दोन मीटर वायर, एका टोकाला सुई आणि दुसऱ्याला मगरचिमटा. बाजारात मिळणारा एलईडी टेस्टर इथे फसवतो, कारण तो अगदी थोड्या करंटवरही पेटतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कुजलेली वायर त्याच्यापुढे लगेच उघडी पडते. याशिवाय १० अँपिअरचा फ्यूज घातलेली एक जंपर वायर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) आणि थिंबल नीट दाबणारी क्रिम्पिंगची पक्कड.

कामाला हात लावण्याआधी अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवा. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडायचा, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पान्हा बॉडीला टेकला, तर पान्हा तिथेच चिकटतो आणि बॅटरी फुटूही शकते.

आधी बॅटरीची खात्री

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ किंवा जास्त आले तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा आणि मगच पुढच्या तपासण्या करा. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले कुठलेही माप उपयोगाचे नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. पूर्ण चार्ज असताना आकडा साधारण १.२५० ते १.२८० येतो. त्याहून महत्त्वाचा असतो सेलासेलांतला फरक. पाच सेल १.२६० आणि एक १.१९० असेल तर ती बॅटरी गेली. चार्ज करून परत येणार नाही. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही. ॲसिड उडून जात नाही, पाणी उडते.

आता सेल्फ मारताना बॅटरीवरचे व्होल्ट पाहा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप केबल ओढून धरा किंवा पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढा. चांगली बॅटरी या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही. ती १०.५ वर टिकून आहे आणि तरी सेल्फ रडत फिरतोय, याचा अर्थ बॅटरी देते आहे, पण सेल्फपर्यंत पोचत नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा. झाकणे घट्ट लावलेली असू द्या, सोडा सेलमध्ये जाता कामा नये. पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत होईपर्यंत घासा, क्लॅम्प आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन लावून मग आवळायचे नाही.

गळती मोजायची कशी

हा भाग शांतपणे वाचा, कारण बाकी सगळे यावर उभे आहे. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ साधारण २०० ते ४०० अँपिअर घेतो. ३०० अँपिअरच्या वाटेत एका ओहमच्या फक्त हजाराव्या भागाइतका अडथळा आला तरी ०.३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. पाच हजारांश ओहम असेल तर दीड व्होल्ट गेले. असा अडथळा मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर दिसतच नाही. मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. बझर लावून ‘वायर चालू आहे’ म्हणणेही फसवे. केबलमधल्या शेकडो तारांपैकी एक शाबूत असली तरी बझर वाजतो, पण सेल्फ फिरत नाही.

म्हणून वायर काम करत असताना, तिच्यातून करंट वाहत असताना, तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट दिसतात ते मोजायचे. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर ठेवा. पोस्टवर म्हणजे शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. दुसरा प्रोब सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर, नटावर नाही. मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. मीटरवर जो आकडा येईल तो त्या वाटेत गळालेला व्होल्ट. चांगल्या केबलवर तो ०.२ ते ०.३ येतो, ०.५ च्या वर गेला तर कुठेतरी दोष आहे. मग प्रोब एकेक टप्पा जवळ आणत जा. पोस्ट ते क्लॅम्प ०.१ पेक्षा जास्त दिसले तर क्लॅम्प साफ करा. क्लॅम्प ते थिंबल जास्त दिसले तर केबल आतून गेली. सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) दोन जाड बोल्टांमध्ये ०.३ पेक्षा जास्त दिसले तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळाले आहेत.

हेच निगेटिव्ह बाजूने करा: एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, दुसरा सेल्फच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारताना ०.३ पर्यंत ठीक. एक-दीड व्होल्ट आले तर अर्थिंग गेले, पुढे काही शोधायची गरज नाही.

अर्थिंग

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे ते चेसिसपासून वेगळे आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसिसला असेल तर इंजिनापर्यंत करंट नेते ती फक्त एक विणलेली तांब्याची पट्टी. ती ऑइलमध्ये भिजते, चिखल खाते, क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम करताना काढली जाते आणि कधी कधी परत लावलीच जात नाही. पट्टी नसली की करंट दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारल्यावर यातली एखादी केबल गरम लागली किंवा तिचे आवरण वितळलेले दिसले, तर निदान झाले. नवी केबल टाकू नका, आधी पट्टी लावा.

खात्री करायची सोपी रीत: जंप स्टार्टची जाड केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ एकदम ताकदीने फिरला तर दोष परतीच्या वाटेत.

दुरुस्ती करताना पट्टी ३५ चौरस मिमीपेक्षा कमी जाडीची नको. दोन्ही जागांवरचा रंग, गंज, ग्रीस खरवडून लोखंड पांढरे दिसू द्या. थिंबल थेट लोखंडावर, त्यावर दातेरी वॉशर, मग नट. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात मारा. शक्य असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल सरळ गिअरबॉक्सच्या बोल्टवर न्या आणि एक वेगळी वायर केबिनच्या बॉडीला द्या. तीन ठिकाणचे अर्थिंग पक्के झाले की गेज नाचणे, लाइट मंद होणे, हॉर्न घोगरा येणे अशा तक्रारी बऱ्याचदा एकदमच जातात.

सेल्फ काय सांगतो

किल्ली फिरवल्यावर कान द्या. ‘टकटकटक’ असा सलग आवाज आला तर सोलेनॉइड ओढतो, पण ओढल्याबरोबर व्होल्ट पडतात आणि तो सुटतो: बॅटरी उतरलेली किंवा वरच्यासारखी गळती. एकच जोरदार ‘टक्’ आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, घासलेले कार्बन ब्रश किंवा फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकलेला बेंडिक्स (सेल्फचे इंजिनाला फिरवणारे दातेरी चाक). मोटर सुसाट फिरते आणि इंजिन ढिम्म, तर बेंडिक्सचा एकतर्फी क्लच घसरतोय. सेल्फ जड फिरतो, गरम होतो आणि गळतीची सगळी मापे मात्र बरोबर येतात, तेव्हा बुश झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आतल्या पोलला घासत असते. तेव्हा मात्र सेल्फ खोलायलाच हवा.

काहीच आवाज नाही? सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर, ज्याला ५० नंबर असतो, मीटर लावून किल्ली फिरवा. तिथे १० व्होल्ट किंवा जास्त आले तर सोलेनॉइड बघा. सात-आठच आले तर किल्लीचा स्विच आणि त्याची वायरिंग थकली आहे. जुना स्विच सोलेनॉइडचा पूर्ण करंट स्वतःच्या कॉन्टॅक्टवरून नेतो आणि वर्षानुवर्षे जळत राहतो. इथे एक साधा ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) घाला: बॅटरीकडून येणारी ४ चौरस मिमीची वायर ३० अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या टर्मिनलवर, ८७ वरून सोलेनॉइडच्या ५० वर, किल्लीची जुनी वायर ८६ वर, ८५ अर्थला. नवा स्विच टाकला तरी हा रिले असू द्या.

डायनामो चार्ज करतो का

अल्टरनेटरला आपल्याकडे अजूनही डायनामोच म्हणतात, तर तसेच म्हणू. इंजिन थोडे रेस करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. मग हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर चालू करा, १३.५ च्या खाली जाऊ नये.

बॅटरीची वायर काढून गाडी चालू राहते का, ही तपासणी कधीही करू नका. अनेक गॅरेजांत अजून करतात. बॅटरी एकदम सुटली की डायनामोचे व्होल्ट क्षणभर कितीतरी वर उसळतात आणि डायोड (एसीचे डीसी करणारे) किंवा रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा) उडतो. शिवाय डिझेल गाडीत या तपासणीतून काही कळतही नाही. मेकॅनिकल पंपाचे इंजिन डायनामो पूर्ण मेला तरी चालत राहते, स्टॉप सोलेनॉइड असेल तर त्याला पुरेल एवढी बॅटरी शिल्लक असेपर्यंत. म्हणूनच चार्जिंगचा बिघाड डिझेलमध्ये उशिरा लक्षात येतो. बॉडीला वेल्डिंग करतानाही बॅटरीचे निगेटिव्ह आणि डायनामोच्या वायरी सोडून ठेवा.

चार्जिंगचा लाल दिवा हा नुसता इशारा नाही. डायनामोला सुरुवातीचा फील्ड करंट त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला तर डायनामो चांगला असूनही चार्ज सुरू करत नाही किंवा खूप रेस केल्यावर अचानक सुरू करतो. किल्ली चालू केली, इंजिन बंद आहे आणि दिवा पेटत नाही, असे असेल तर डायनामोच्या मागची डी प्लसची बारीक वायर काढून बॉडीला टेकवा. दिवा पेटला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष आत आहे, बहुधा झिजलेले ब्रश. नाही पेटला तर बल्ब किंवा वायर. त्या जागी एलईडी बसवू नका. त्यातून पुरेसा करंट जात नाही.

इंजिन चालू असताना दिवा मिणमिणता राहतो तेव्हा डायोडचा संशय घ्या. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर एखादा डायोड गेला. इथे एक काळजी घ्या. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीच मोजतात आणि दुपटीहून मोठा आकडा दाखवतात. प्रोब उलटे करून पाहा. आकडा एकदम शून्यावर आला तर तो मीटर या कामाचा नाही.

१४.८ च्या वर व्होल्ट जात असतील तर रेग्युलेटर बदला. बॅटरीचे पाणी भराभर आटणे, ॲसिडचा वास, आठवड्याला बल्ब उडणे, ही त्याची लक्षणे. उलट चार्जिंग कमी असेल तर बेल्ट आधी: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी दबायला हवा. त्यानंतर डायनामोच्या बी प्लस बोल्टपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंतची गळती मोजा, रेस देऊन आणि लाइट लावून. ०.३ पेक्षा जास्त आली तर ती वायर बदला.

बऱ्याच डिझेल पिकअपांत डायनामोच्या मागेच ब्रेक बूस्टरचा व्हॅक्युम पंप असतो आणि त्याला इंजिन ऑइलचा पुरवठा असतो. त्याचे सील गेले की ऑइल डायनामोत शिरते आणि ब्रश चिकटतात. नवे ब्रश काही दिवसांतच पुन्हा गेले तर मागची बाजू ओली आहे का बघा. असा डायनामो काढला असताना गाडी रस्त्यावर नेऊ नका. ब्रेक दगडासारखा घट्ट लागतो.

मंद हेडलाइट

एच-४ बल्ब ५५ ते ६० वॅटचा असतो, म्हणजे दोन बल्ब मिळून ९ ते १० अँपिअर. जुन्या पिकअपमध्ये हा सगळा करंट डॅशबोर्डवरचा स्विच, डिपर आणि फ्यूजबॉक्स फिरून पुढे येतो. १ चौरस मिमीच्या तीन मीटर वायरीत ९ अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट जातो, शिवाय प्रत्येक जोडावर थोडा थोडा. बल्बच्या बाबतीत हा हिशेब फार महागात पडतो: व्होल्ट दहा टक्के घटले तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो.

हेडलाइट चालू ठेवून बल्बच्या कनेक्टरमध्ये मागून प्रोब घाला आणि इंजिन चालू असताना मोजा. बॅटरीवर १४ आणि बल्बवर ११.८ असेल तर १००/९० वॅटचे बल्ब घेऊन काही साधणार नाही. करंट वाढला की गळतीही वाढते, होल्डर वितळतो आणि स्विच जळतो. त्याऐवजी दोन रिले बसवा, एक हायला आणि एक डिपरला. बॅटरीपासून २.५ चौरस मिमीच्या दोन वायरी घ्या आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच दोघींना वेगवेगळा १५ अँपिअरचा फ्यूज लावा. एक उडाला तरी दुसरा उजेड राहतो. हेडलाइटच्या जुन्या वायरी आता फक्त रिलेची कॉइल ओढतील. आणि दोन्ही हेडलाइटच्या अर्थला ग्रिलच्या पत्र्याच्या भरवशावर न सोडता २.५ ची वेगळी वायर चेसिसपर्यंत द्या.

मागचे दिवे

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो, पार्किंग लावले की ब्रेकलाइट पुसट पेटतो. असे विचित्र प्रकार दिसले की थेट मागच्या दिव्याच्या अर्थकडे जा. अर्थ नसला की एका बल्बचा करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून परत जायला बघतो. पिकअपचा हौदा चेसिसवर पॅकिंग टाकून बसवलेला असतो. हौद्याच्या पत्र्याला दिलेला अर्थ म्हणजे चार गंजक्या बोल्टांवरचा विश्वास. दिव्याच्या अर्थची वायर चेसिसला न्या, विषय संपला.

इंडिकेटर एका बाजूला भराभर वाजत असेल तर त्या बाजूचा बल्ब उडालेला किंवा कमी वॅटचा आहे. दोन्हीकडे भराभर असेल तर एलईडी बल्ब लावलेले आहेत का ते बघा. २१/५ वॅटच्या बल्बच्या दोन पिना एका उंचीवर नसतात. तो जोर लावून उलटा बसवला की पार्किंग लावल्यावर ब्रेकलाइट पेटल्यासारखा दिसतो.

रात्रीतून बॅटरी उतरते

ईसीयू नसलेल्या गाडीत सगळे बंद असताना बॅटरीतून जवळपास काहीच जायला नको. गाण्यांच्या टेपची मेमरी असेल तर २०-३० मिलीअँपिअर चालतील.

निगेटिव्ह क्लॅम्प काढा. आधी क्लॅम्प आणि पोस्टमध्ये ५ वॅटचा बल्ब जोडून पाहा. तो झगझगीत पेटला तर मीटर लावू नका, आधी मोठा दोष काढा. पेटला नाही तर त्याच जागी मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. मीटर असा लावलेला असताना किल्ली फिरवून सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल. आता एकेक फ्यूज काढा आणि आकडा कधी पडतो ते बघा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल, तर फ्यूजमधून न जाणाऱ्या वायरी राहिल्या: डायनामोची बी प्लस आणि नंतर कुणीतरी थेट बॅटरीवरून घेतलेल्या जोडण्या. बी प्लस सोडल्यावर आकडा शून्य झाला तर डायोड उलटा करंट सोडतो आहे.

सर्वांत आधी ब्रेकलाइटचा स्विच बघा, हा माझा सल्ला. पेडल पूर्ण वर आले नाही तर मागचे दोन २१ वॅटचे बल्ब साडेतीन अँपिअर घेतात, दहा तासांत ३५ अँपिअर-अवर. दिवसा उन्हात ते पेटलेले कुणाला दिसतही नाहीत.

बॅटरीचा वरचा भाग ओला आणि मळलेला असेल तर तिथूनही गळती होते. मीटरचा काळा प्रोब निगेटिव्हवर आणि लाल प्रोब प्लास्टिकच्या झाकणावर फिरवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या.

फ्यूज सारखा उडतो

मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालू नका. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तार घातली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते.

उडालेल्या फ्यूजच्या जागी २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा आणि त्या लाइनवरचे बल्ब काढून ठेवा. शॉर्ट असेल तर लॅम्प पूर्ण तेजाने पेटेल. मग हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत पुढून मागे जा. लॅम्प मंद झाला किंवा विझला की हात नेमका त्या जागी आहे. शॉर्टच्या ठरलेल्या जागा आहेत: केबिनच्या भिंतीतून वायर जाते तिथला फाटलेला रबर ग्रोमेट, स्टिअरिंगच्या खालचा भाग, सायलेन्सरजवळचा चेसिस, हौद्याखालच्या पत्र्याच्या क्लिपा आणि उंदरांनी कुरतडलेले हार्नेस.

फ्यूज चांगला, तरी लाइन मेलेली असेल तर जुन्या सिरॅमिक फ्यूजची टोके बघा. पितळी क्लिप सैल आणि काळी पडते. फ्यूज जागेवर गोल फिरवल्यावर लाइट आला तर क्लिप घासून आवळा. या फ्यूजमध्ये पांढरा ८ अँपिअरचा आणि लाल १६ चा. पात्याच्या फ्यूजमध्ये मात्र लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. दोन्ही प्रकार एकाच गाडीत असतील तर रंगावरून गोंधळ होतो, अंक वाचा.

वायरीच्या रंगांवरही विसंबू नका. लुकास पद्धतीत तपकिरी वायर बॅटरीचा कायम चालू पॉझिटिव्ह असते आणि काळी अर्थ; जर्मन डीआयएन पद्धतीत तपकिरी हीच अर्थ आणि लाल पॉझिटिव्ह. त्यात आधीच्या इलेक्ट्रिशियनने हाताला लागेल त्या रंगाची वायर ओढलेली असते. प्रत्येक वायर लॅम्पने तपासल्याशिवाय कापायची नाही.

गेज, हिटर आणि स्टॉप सोलेनॉइड

डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदम चुकायला लागले तर टाकी किंवा सेन्सर शोधू नका. मीटर-बॉक्सचा अर्थ किंवा त्यातला व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. एकच काटा चुकत असेल तर सेंडरची (काट्याला माप पाठवणाऱ्या सेन्सरची) वायर काढून ५ वॅटच्या बल्बमधून क्षणभर अर्थला लावा. काटा हलला तर गेज आणि वायर ठीक, सेंडर किंवा त्याचा अर्थ गेला. टेंपरेचर सेन्सर आट्यांमधूनच अर्थ घेतो, म्हणून त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही.

इंजिनाला हिटर प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे) असतील आणि थंडीत पांढरा धूर सोडत उशिरा सुरू होत असेल, तर प्लगांना जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचा टोकापासून इंजिनापर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास येतो, जळालेल्यावर मीटर काहीच दाखवत नाही. चारही चांगले असतील तर हिटर चालू करून पट्टीवर व्होल्ट बघा. चार प्लग मिळून सुरुवातीला ५० अँपिअरच्या वर ओढतात, त्यामुळे रिलेचे कॉन्टॅक्ट आणि पट्टीचे नट ही गळतीची जागा.

सेल्फ झकास फिरतो पण इंजिन आग धरत नाही, तेव्हा रोटरी पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर हाताने लावून-काढून पाहा, किल्ली चालू ठेवून. स्पष्ट ‘टिक्’ यायला हवा. नाही आला तर वायरीवर १२ व्होल्ट आहेत का मोजा. व्होल्ट आहेत आणि टिक् नाही, तर सोलेनॉइड गेला. व्होल्ट नाहीत, तर फ्यूज किंवा किल्लीचा स्विच.

जोड करायचा तर असा

कोकणात आणि किनाऱ्यालगत खारी हवा वायरीच्या आवरणाखाली आतपर्यंत शिरते. वायर सोलून बघा: तांबे काळे किंवा हिरवे असेल तर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जा. हातभर कापूनही काळेच निघाले तर अख्खी वायर बदला.

जोडाआधी श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) वायरीत ओवून ठेवा. वायरीच्या मापाचेच थिंबल घ्या आणि पकडीने असे दाबा की जोर लावून ओढले तरी सुटणार नाही; साध्या पकडीने चेपलेले थिंबल पावसाळा काढत नाही. सोल्डर करत असाल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्या, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. हौद्याखाली आणि चाकाजवळ आतून गोंद असलेली स्लीव्हच वापरा. हार्नेस दर ३० सेंमीवर बांधा, सायलेन्सरपासून वीतभर लांब, आणि पत्र्यातून जाते तिथे नवा ग्रोमेट.